शेंडा दिसल्याशिवाय नाही

पक्कड पहिल्यांदा लक्षात आली ती एका खोडरबरामुळे. सातवीचा वर्ग, खिडकीकडची ओळ, एका बाकावर दोन मुली. एकीला रबर हवं होतं आणि ते शेजारणीच्या पेटीत होतं. दोघींची कोपरं एकमेकींना लागत होती, तरी पहिली मागच्या बाकाकडे वळून म्हणाली, "हिला सांग, रबर दे." निरोप मागून फिरून गेला आणि रबरही मागूनच फिरून आलं. चौकशी केल्यावर कळलं, की पाचवीत असताना धावण्याच्या शर्यतीत ही पडली होती आणि ती हसली होती.

"अगं, त्याला किती दिवस झाले!" असं मी, तिची वर्गशिक्षिका, समजावलं, तर तिने मान वर केली आणि अगदी शांतपणे विचारलं, "हो बाई. पण हसली होती ना?"

पक्कड हे नाव वर्गानेच ठेवलं. एकदा धरलं की सुटत नाही म्हणून. पण ती काही डोक्यात राख घालून घेणारी मुलगी नव्हती. आदळआपट नाही, रडारड नाही. राग ती थंड करून, वर घट्ट झाकण लावून ठेवायची, आणि तो वर्षानुवर्षं नासायचा नाही.

पुढे पक्कड डॉक्टर झाली आणि सोनोग्राफीकडे वळली. अंधाऱ्या खोलीत एकटीने बसून, कोणाशी फार न बोलता, करड्या पडद्यावर एकच गोष्ट चिकाटीने शोधत राहायची, हे काम जणू तिच्यासाठीच कोणी काढलं होतं. पहिली नोकरी लागली ती लहान मुलांची ऑपरेशनं करणाऱ्या एका दवाखान्यात. मालक सर्जन. त्यांना सगळे मोठे सर म्हणायचे. उंच माणूस, खणखणीत आवाज, जिन्याच्या दोन दोन पायऱ्या चढणार, आणि ऑपरेशनला हात असा, की बघणाऱ्याने बघत राहावं. हे पक्कडही मान्य करते, पण गोड म्हणून घेतलेली गोळी कडू निघावी अशा तोंडाने.

सरांना वेळ कमी असायचा. रिपोर्टवर त्यांना फक्त आकडा हवा असे. पोट दुखतंय म्हणून मूल आलं, की पक्कडने अपेंडिक्सची जाडी मोजायची आणि तेवढीच लिहायची. सहा मिलिमीटरच्या आत असेल तर मूल घरी, सहाच्या वर असेल तर टेबलावर. बाकी जे काही सांगायचं ते तोंडी, दारातून.

"मला निबंध नकोत," सर म्हणायचे. "निबंध शाळेत लिहायचे."

एकदा एका शिंपिणीचा मुलगा आला. शिंपीण म्हणजे दवाखान्याच्या मागच्या गल्लीत कपडे शिवणारी बाई, गळ्यात कायम टेप. मुलगा पोट धरून वाकून चालत होता. पक्कडने बराच वेळ शोधलं. अपेंडिक्स म्हणजे आतड्याला लोंबणारी एक बारीक नळी, एका टोकाला बंद. तिचा आतड्याजवळचा भाग दिसला, साडेपाच भरला. पण पुढे ती आतड्यामागे वळून दडली होती आणि बंद टोक, म्हणजे शेंडा, काही केल्या दिसेना. पक्कडने आकडा लिहिला आणि सरांच्या दारात जाऊन सांगितलं, "सर, शेंडा दिसलेला नाही. ह्याला घरी सोडू नका. निदान उद्या सकाळी मला परत बघू दे."

"साडेपाच ना?" सर फोनमधून डोकं वर न काढता म्हणाले. "बरं, बघू."

मुलगा घरी गेला. परत आणा, असं शिंपिणीला कोणी सांगितलंच नाही. त्याला परत आणला तेव्हा शेंडा फुटून पोटभर पू झाला होता. सरांनी त्याला वाचवला, ते खरं. पण पोट उभं चिरावं लागलं, पुन्हा उघडावं लागलं, आणि महिनाभर ते पोर खाटेवर पडून होतं. शिंपिणीने विचारलं, की आधी का नाही कळलं? सर व्हरांड्यात, सगळ्यांच्या देखत, पक्कडकडे बोट करून म्हणाले, "सोनोग्राफीने नॉर्मल सांगितलं. आम्ही काय करणार, सांगा?"

शिंपीण चालत आली आणि तिने पक्कडच्या कानाखाली वाजवली.

कागदावर आकडा तिच्याच अक्षरात होता, आणि बोललेलं वाऱ्यावर गेलं होतं. तिने सरांकडे बघितलं. सर घड्याळ बघत होते.

त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. आता प्रश्न होता स्वतःची खोली थाटायची कुठे. तिचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. स्वभावाने गमत्या. त्याने चार चांगल्या जागा दाखवल्या. पक्कडने पाचवी निवडली. मोठ्या सरांच्या दवाखान्याच्या बरोब्बर समोर, रस्त्यापलीकडे, औषधांच्या दुकानाच्या वर.

"अगं, एवढं मोठं शहर पडलंय," नवरा म्हणाला. "नेमकं त्यांच्या नाकासमोर कशाला?"

"नाकासमोरच हवं."

"ते काय बिचारे खिडकीतून तुला बघत बसणार आहेत?"

"बसतील," पक्कड म्हणाली.

तिथे तिने एकच नियम केला, आणि तो कागदावर नाही, डोक्यात कोरून ठेवला. शेंडा दिसल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. मग तास लागो. मूल रडलं तर थांबायचं, मूत्राशय भरलेलं असेल तर पोराला लघवीला पाठवायचं, कुशीवर वळवायचं, पुन्हा शोधायचं. जेलची बाटली ती गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवायची, म्हणजे गार लागून पोट आखडत नाही. आणि खाटेवर घेण्याआधी प्रत्येक पोराला सांगायची, "चल, एक उडी मारून दाखव बघू." जे पोर तोंड वाकडं न करता उडी मारतं, त्याच्या पोटात फारसं काही पेटलेलं नसतं, असा तिचा अनुभव. त्यावरच विसंबायची मात्र नाही.

तिथेच तिला ती गोष्ट उमगत गेली, जिच्यावर पुढे तिचा सगळा सूड उभा राहिला. मोठ्या सरांचा सहाचा आकडा एका बाजूने खोटा होता, हे शिंपिणीच्या पोराने दाखवलं होतं. तो दुसऱ्या बाजूनेही खोटा निघाला. ताप, सर्दी, घसा लाल, दोन दिवस जुलाब, अशी पोरं यायची. त्यांचं अपेंडिक्स साडेसहा भरायचं, सात भरायचं. सरांच्या हिशेबाने सरळ टेबलावर. पण पक्कड प्रोबने, म्हणजे पोटावर फिरवायच्या यंत्राच्या मुठीने, हळूच दाबायची तर ती नळी मऊ, दाबली की चेपणारी. आत खडा नाही. भोवतालची चरबी शांत. खरी सूज असली की ही चरबी पांढरीफट्ट दिसते. आणि शेजारी आतड्याच्या पडद्यात वाटाण्याएवढ्या गाठी सुजलेल्या. म्हणजे दुखणं अपेंडिक्सचं नव्हतंच. व्हायरल तापात सगळं सुजतं तसं तेही थोडं सुजलेलं.

"हा पोटातला टॉन्सिल समजा," ती आयांना सांगायची. "घसा आला की टॉन्सिल फुगतात. म्हणून काय लगेच गळा कापतो आपण?"

"पण समोर तर म्हणाले, आजच काढा."

"समोर मोजतात. मी बघते. आज नुसतं लक्ष ठेवा. पोट वाढलं, उलट्या लागल्या, पोर वाकून चालायला लागलं, तर तडक या. काही नाही झालं तरी उद्या परत आणा. उद्याचं बघणं फुकट."

फुकट हे तिचं खरं हत्यार होतं. शिंपिणीच्या मुलाला जे मिळालं नाही, ते ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पोराला देत होती, आणि दर वेळी समोरच्या दवाखान्याच्या काळजात एक काटा रुतवत होती. दुसऱ्या दिवशी पोर नाचत यायचं. आई जाताना समोरच्या पाटीकडे बघून काहीतरी पुटपुटायची. पक्कड पडदा सारून त्या आईला रस्ता ओलांडताना बघत उभी राहायची. चेहऱ्यावर हसू नाही, पण पोटभर जेवलेल्या माणसाचं समाधान.

दारावर बसणाऱ्या मावशी जुन्या होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मॅडम, आज समोरचं टेबल थंड हो," त्या चहा देता देता म्हणायच्या.

"थंडच बरं."

"सर परवा औषधाच्या दुकानात विचारत होते, वरची बाई किती घेते म्हणून."

"मग?"

"दुकानदार म्हणाला, दुसऱ्यांदा काहीच नाही घेत. सरांनी गोळ्या तिथेच टाकल्या आणि गेले."

तो दिवस पक्कडला फार गोड गेला. नवऱ्याने रात्री विचारलंही, "आज काय, स्वतःशीच गुणगुणतेस?"

मात्र खोटं ती कधी बोलली नाही, हे नोंदवायला हवं. खरी सूज दिसली, की ती क्षणाचाही उशीर न करता त्या मुलाला समोरच पाठवायची, कारण जवळ तेवढाच दवाखाना होता आणि सरांचा हात चांगला होता. फक्त सोबत मावशींना धाडायची. स्वतः रस्ता ओलांडायची नाही. राग सरांवर होता, पोटांवर नव्हता. पण तो राग निवलाही नव्हता. तिला पोरं वाचवून भागत नव्हतं. तिला ते एक वाक्य हवं होतं. व्हरांड्यात बोललेलं वाक्य सरांनी स्वतःच्या तोंडाने, त्या शिंपिणीपुढे, परत गिळावं.

शिंपीण तिला बाजारात दिसायची. दोघी एकमेकींना टाळायच्या.

वर्षं गेली. सरांची मुलगी सर्जन होऊन त्याच दवाखान्यात कामाला लागली. तिला एक मुलगी झाली, आणि ती चिमुरडी आजोबांच्या खांद्यावरून दवाखानाभर फिरायला लागली.

एके दिवशी सकाळी मावशी पडदा बाजूला करून आत आल्या. चेहरा असा, की जणू भिंत बोलताना ऐकली.

"मॅडम, समोरचे आलेत."

"कोण समोरचे?"

"सगळेच. सर, त्यांची मुलगी, आणि नात. नातीचं पोट दुखतंय."

पक्कडने हातातला प्रोब पुसला. "बाहेर किती जण आहेत?"

"दोघं."

"मग रांगेत बसू दे."

"मॅडम..."

"मूल उडी मारतंय का बघून या. मारत असेल तर रांग. नसेल तर आत्ता."

मावशी आल्या. "मारते. दोनदा मारली."

मोठे सर बाकावर बसले. एका बाजूला शेंबडं पोर, दुसऱ्या बाजूला बाटलीतलं पाणी सांडणारी आई. जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम चढणारा माणूस गुडघ्यावर हात ठेवून आपला नंबर येण्याची वाट बघत होता. पडद्याच्या फटीतून पक्कडने ते एकदा बघितलं. मग तिने आधीच्या दोन्ही पोरांना नेहमीइतकाच वेळ दिला. कमी नाही, जास्त नाही.

नात आत आली. मागून आई. तिच्या मागून सर.

"आमच्याकडे सात आलंय," सरांची मुलगी घाईघाईने म्हणाली. "बाबा म्हणतात ऑपरेशन करू. पण स्वतःच हात लावायला तयार नाहीत. मीच म्हटलं, समोर नेऊ या. सगळ्या आया इथेच येतात."

"ताप?"

"परवापासून. घसाही लाल आहे."

पक्कडने जेल लावलं. चिमुरडी खुदकन हसली, "गुदगुल्या होतात." पडद्यावर नळी आली. पक्कडने मोजलं. सात. हळूच दाबलं. चेपली. चरबी शांत. खडा नाही. शेजारी गाठींचा पुंजका. मग ती नळीच्या मागे मागे गेली, वळणावरून, आतड्यामागून, आणि शेंडा दिसला. गोल, मऊ, साधा. व्हायरल.

खोलीत यंत्राची घरघर सोडली तर आवाज नव्हता. सर तिच्या पाठीशी उभे होते आणि त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. इतकी वर्षं तिने ह्या क्षणाची कल्पनासुद्धा केली नव्हती, एवढा तो पुरेपूर होता.

तिने मान वळवली आणि म्हणाली, "सात आहे, सर. सहाच्या वर."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुमचा नियम काय आहे?" पक्कडने विचारलं.

"बाबा?" मुलगी कावरीबावरी झाली. "म्हणजे कापायचं का? मॅडम, सांगा ना!"

पक्कड पोटावरचं जेल पुसायला लागली. नेहमी ती ते पटकन पुसते. त्या दिवशी सावकाश पुसलं. मग त्या आईकडे वळून, सरांकडे पाठ करून, म्हणाली, "नाही गं. काही कापायचं नाही. व्हायरल आहे. सगळं मऊ आहे, शेंड्यापर्यंत बघितलंय मी. पाणी पाज, तापाचं औषध दे, लक्ष ठेव. आणि उद्या परत आण."

मुलगी तिथेच स्टुलावर बसली आणि रडली. सर बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी तिघंही आली. नात जिना उड्या मारत चढली. नळी सहावर उतरली होती. मुलीने पर्स उघडली.

"आजचं फुकट असतं," पक्कड म्हणाली.

"मग कालचं तरी घ्या. तुम्ही किती मोठं..."

"कालचं तुझ्या बाबांकडून घ्यायचंय. पैसे नकोत. तुमच्या मागच्या गल्लीत शिंपीण आहे. तिच्या दुकानात जाऊन तिला सांगायचं, की तिच्या पोराला दुसऱ्या दिवशी परत बघायला हवं, असं कोणी सांगितलं होतं आणि कोणाला सांगितलं होतं."

हे तिने मुद्दाम मुलीसमोर काढलं. एकट्या सरांना गाठून बोलता आलं असतं. तिला तसं बोलायचं नव्हतं.

"कोणतं पोर?" मुलीने विचारलं. "बाबा, काय म्हणतायत ह्या?"

"जुनी गोष्ट आहे," सर म्हणाले. "विसरून जाण्यासारखी."

"माझ्यासाठी नाही," पक्कड म्हणाली. "सांगा की. परत बघू या, असं कोणाला सांगितलं होतं?"

सरांनी नातीकडे बघितलं. ती खाटेच्या कडेला पाय हलवत बसली होती.

"मला," ते म्हणाले.

मुलीने पर्स बंद केली. तिचा चेहरा असा झाला, की मावशींनी पाण्याचा पेला पुढे केला. "तुम्ही मला शिकवलंत," ती हळू आवाजात म्हणाली, "की त्या केसमध्ये सोनोग्राफी चुकली होती. मी विद्यार्थ्यांना तेच शिकवते, बाबा." मग तिने लेकीला कडेवर घेतलं. "चला. आत्ताच."

"मीही येते," पक्कड म्हणाली. "मला ऐकायचंय."

शिंपिणीचं दुकान म्हणजे एक यंत्र, एक कापायचं टेबल आणि वरून लोंबणारे कपडे. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. सर बोलले. आवाज खणखणीत नव्हता. शिंपिणीने एकेक टाचणी तोंडातून काढून गादीत खोचली आणि सगळं ऐकून घेतलं. मग पक्कडकडे वळली.

"मी तुमच्या कानाखाली मारली होती."

"हो. डाव्या."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"माझ्याकडे तुम्हाला दाखवायला काही नव्हतं. फक्त शब्द."

शिंपीण बराच वेळ टेप बोटांवर गुंडाळत राहिली. "तुमचं चुकलं नाही. हात माझा चुकला." मग सरांकडे न बघता म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? पोट त्याचं आहे. तो गाडी घेऊन गेलाय, संध्याकाळी येईल. बसा."

"मी संध्याकाळी परत येतो," सर म्हणाले.

"परत येतो म्हणणारी माणसं मला नकोत आता. बसायचं तर बसा."

सर बसले. लोंबत्या कपड्यांखाली, डोकं जरा वाकवून. मुलगी लेकीला घेऊन घरी गेली. पक्कड दाराशी खुर्ची ओढून बसली. गिऱ्हाइकं आली, मापं देऊन गेली, मोठ्या सरांना ओळखून चकित झाली. "सर, तुम्ही इथे?" कोणी विचारलं की सर म्हणायचे, "काम आहे." पक्कडला ते प्रत्येक "काम आहे" ऐकताना गार वाटत होतं.

मुलगा आला. आता तो बाप्या माणूस होता, दाढीत एखादा पांढरा केस. त्याने किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि उभ्यानेच ऐकलं. सर थांबले तेव्हा तो म्हणाला, "बरं."

मग म्हणाला, "मी कधी पोहायला गेलो नाही. शर्ट काढावा लागतो." एवढंच. राग नव्हता त्यात. सर उठले, दारातून जाताना पक्कडसमोर थांबले, तोंड उघडलं. पक्कड म्हणाली, "नको, सर. जे हवं होतं ते मिळालं."

माफ केलंस का, असं तिला पुढे पुष्कळांनी विचारलं. ती म्हणते, नाही. मन हलकं झालं का? हो, फार. ह्या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात, असं विचारलं तर म्हणते, "आरामात राहतात. मला कुठे अडचण नाही."

मोठ्या सरांनी पुढे ऑपरेशनं थांबवली. दवाखाना मुलगी चालवते. तिथे आता आकड्याबरोबर चार ओळी लिहाव्या लागतात, आणि शेंडा दिसला की नाही हे पहिल्या ओळीत. तिने पक्कडला परत यायचा आग्रह केला. पक्कडने नाही म्हटलं. वर्षानुवर्षं प्रोब दाबून तिचा उजवा खांदा आता धरतो, हात वर जात नाही. त्यामुळे ती फक्त सकाळी पोरं तपासते, आणि दुपारी खोली बंद असते.